चार आठवड्यांचे संकलन

पॅरामाउंट पिक्चर्स या हॉलिवूडमधील जुन्या चित्रसंस्थेने १५ ऑगस्ट १९९७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित केलेला ‘इव्हेंट होरायझन’ हा चित्रपट विज्ञानकथा आणि भयकथा या दोन्ही प्रकारांना एकाच अंतराळयानात बसवू पाहणारा होता. त्यावर सुमारे ६ कोटी डॉलर खर्च झाले होते. प्रदर्शनानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत तो उत्पन्नाच्या यादीत चौथ्या क्रमांकावर राहिला, त्याला साधारण ९५ लाख डॉलर मिळाले, आणि अमेरिकेतील एकूण उत्पन्न २ कोटी ६७ लाख डॉलरच्या आसपास थांबल्याने निर्मितीचा निम्मा खर्चही त्या देशातून वसूल झाला नाही. चित्रगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून तेथल्या तेथे श्रेणी भरून घेणाऱ्या ‘सिनेमास्कोर’ या पाहणीत त्याला ‘डी प्लस’ मिळाला, जी श्रेणी मोठ्या चित्रसंस्थेच्या चित्रपटाच्या वाट्याला क्वचितच येते. मात्र मुळातच टाकाऊ असलेला चित्रपट पडला, एवढ्यावर हा इतिहास संपत नाही. पहिल्या तासाभरात जे विलक्षण ताकदीने उभे राहते ते शेवटच्या अर्ध्या तासात कसे विस्कटते, आणि त्या विस्कटण्यात पटकथेचा वाटा किती व प्रदर्शनाच्या तारखेचा किती, हा या प्रकरणाचा खरा विषय आहे.

चित्रपटाचे नाव भौतिकशास्त्रातून घेतलेले आहे. अतिप्रचंड वस्तुमान अत्यंत छोट्या जागेत एकवटले की त्याच्याभोवती अशी एक सीमा तयार होते जिच्या आतून प्रकाशही बाहेर येऊ शकत नाही. त्या सीमेला १९५६ साली वोल्फगांग रिंडलर या शास्त्रज्ञाने ‘इव्हेंट होरायझन’ म्हणजे घटनाक्षितिज हे नाव दिले, कारण क्षितिजापलीकडचे जहाज जसे दिसत नाही तशी या सीमेपलीकडची कोणतीही घटना बाहेरच्याला कळू शकत नाही. सीमेच्या आतल्या वस्तूला इंग्रजीत रूढ झालेले ‘ब्लॅक होल’ हे नाव १९६७ नंतर जॉन व्हीलर यांच्यामुळे सर्वतोमुखी झाले. मराठीत त्यासाठी ‘कृष्णविवर’ हा शब्द आहे, आणि १९७४ साली जयंत नारळीकर यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने पाठवलेल्या कथेचे शीर्षकच ते असल्याने मराठी विज्ञानकथेच्या वाचकाला तो परका नाही. ज्या जागेची बातमी कधीच परत येऊ शकत नाही अशा जागेचे नाव यानाला देण्यामागे लेखकाची कल्पकता होती, कारण चित्रपटातील सारे भय ‘हे यान कोठे जाऊन आले’ या एकाच प्रश्नावर टांगलेले आहे.

कथेचा काळ २०४७ हा आहे. सुरुवातीच्या पाट्या सांगतात की २०१५ मध्ये चंद्रावर पहिली कायमची वसाहत झाली, २०३२ मध्ये मंगळावर व्यापारी खाणकाम सुरू झाले आणि २०४० मध्ये सूर्यमालेच्या सीमांचा शोध घेण्यासाठी निघालेले ‘इव्हेंट होरायझन’ हे यान नेपच्यूनपलीकडे नाहीसे झाले. सात वर्षांनी ते यान नेपच्यूनच्या कक्षेत पुन्हा प्रकट होते, त्यावरून एक अस्पष्ट संदेश येतो, आणि कॅप्टन मिलर यांच्या नेतृत्वाखालील ‘लुईस अँड क्लार्क’ या बचावयानाला तेथे पाठवले जाते. सोबत हरवलेल्या यानाचा रचनाकार डॉ. विल्यम विअर असतो. विअरने यानात एक यंत्र बसवलेले आहे, जे कृत्रिम कृष्णविवर निर्माण करून अवकाशाला घडी घालते आणि दोन दूरची ठिकाणे क्षणभर एकमेकांना भिडवते. हे समजावताना तो एका कागदाची घडी घालून त्यातून लेखणी आरपार घालतो. हाच दाखला १७ वर्षांनी ‘इंटरस्टेलर’ या चित्रपटात जवळपास तसाच वापरला गेला, यावरून त्या प्रसंगाची पकड लक्षात येते. यान जेथे जाऊन आले ती जागा म्हणजे नरक, किंवा नरक हा शब्द ज्याच्या जवळपास पोहोचतो असे काहीतरी, हे पथकाला हळूहळू उमगते. यान प्रत्येकाच्या मनातील जुनी जखम शोधून तीच त्याच्यासमोर उभी करते. मिलरला आगीत सोडून द्यावा लागलेला सहकारी दिसतो, पीटर्स या वैद्यकीय सहायिकेला घरी ठेवलेला मुलगा दिसतो, आणि विअरला आत्महत्या केलेली पत्नी.

या कल्पनेला मोठी वंशावळ होती. अंतराळयान हे बंद दारांचे घर आहे आणि त्यात भुताटकीची गोष्ट उत्तम रुजते, हे रिडली स्कॉट यांच्या १९७९ च्या ‘एलियन’ने जगभरच्या प्रेक्षकांना पटवले होते, तर दूरच्या जागी पोहोचलेल्या माणसाला त्याचीच अपराधी स्मृती देहधारी होऊन भेटते हे आंद्रेई तारकोव्हस्की यांनी ‘सोलारिस’मध्ये १९७२ सालीच दाखवले होते. मात्र सर्वांत जवळचा पूर्वज फारसा आठवला जात नाही. डिस्ने संस्थेने १९७९ च्या अखेरीस प्रदर्शित केलेल्या ‘द ब्लॅक होल’मध्ये वीस वर्षे बेपत्ता असलेले ‘सिग्नस’ नावाचे महाकाय यान कृष्णविवराच्या काठावर सापडते, त्यावर एक झपाटलेला शास्त्रज्ञ एकटाच राज्य करत असतो, आणि अखेरीस कृष्णविवरात शिरल्यावर पडद्यावर चक्क नरकाचे दृश्य येते. बालचित्रपटांसाठी ओळखल्या जाणाऱ्या संस्थेला ती कल्पना पेलली नाही, म्हणून तो चित्रपट गोंडस यंत्रमानव आणि दाहक नरक यांच्यामध्ये अडकून राहिला. हरवलेले यान, त्याचा वेडावलेला स्वामी आणि विवरापलीकडचा नरक हे तिन्ही धागे मात्र तेथेच एकत्र आले होते, आणि १८ वर्षांनी ते मोठ्यांसाठी पुन्हा विणण्याची संधी पॅरामाउंटला मिळाली.

मूळ पटकथा फिलिप आयझनर यांची. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘द शायनिंग’मधील झपाटलेले हॉटेल अंतराळात नेऊन ठेवावे, अशा शब्दांत त्यांनी ती मांडल्याचे सांगितले जाते. दिग्दर्शनासाठी निवड झाली ती पॉल अँडरसन या इंग्रज तरुणाची, ज्यांचा ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा संगणकीय खेळावर बेतलेला चित्रपट १९९५ मध्ये जगभरात सुमारे १२ कोटी डॉलर कमावून गेला होता. आयझनर यांच्या पहिल्या खर्ड्यात परग्रहावरील जीवांचा संबंध होता. तसे केल्यास चित्रपट ‘एलियन’ची नक्कल ठरेल, हे ओळखून अँडरसन यांनी तो भाग काढायला लावला आणि यान स्वतःच दुष्ट झाले आहे, ते नरकातून काहीतरी घेऊन आले आहे, या कल्पनेला मध्यवर्ती केले. ‘सेव्हन’चे लेखक अँड्र्यू केव्हिन वॉकर यांनीही श्रेय न घेता पटकथेवर हात फिरवला. हा बदल कलेच्या दृष्टीने योग्यच होता, कारण त्यामुळे शत्रूला चेहरा उरला नाही, पाठलाग करायला प्राणी उरला नाही आणि भय भिंतींमध्ये मुरले. त्याच बदलाने एक अडचणही ओढवून घेतली: ज्याला चेहरा नाही अशा शत्रूशी शेवटी झुंज कशी दाखवायची, याचे उत्तर पटकथेत कोणी नीट शोधले नव्हते.

भिंतींना बोलते करण्याचे काम नेपथ्यकार जोसेफ बेनेट यांनी केले, आणि या चित्रपटाची सर्वांत श्रीमंत बाजू तीच आहे. अँडरसन आणि बेनेट यांनी पॅरिस येथील नोत्र दाम या मध्ययुगीन गॉथिक चर्चच्या प्रतिमा संगणकात घेतल्या, त्याचे मनोरे, कमानी, खांब असे भाग सुटे केले आणि तेच भाग नव्या क्रमाने जोडून यानाचा आराखडा तयार केला. गॉथिक शैली म्हणजे बाराव्या शतकापासून युरोपात रूढ झालेली, टोकदार कमानींची आणि उंच निमुळत्या जागांची बांधणी, जिच्यात उभ्या राहणाऱ्या माणसाला आपण लहान आहोत याची जाणीव व्हावी असा हेतू असतो. ती जाणीव यानात जशीच्या तशी उतरली आहे. यानाचा पुढचा भाग आणि इंजिनाचा भाग यांना जोडणारी लांबलचक मार्गिका चर्चमधल्या मधल्या दालनासारखी वाटते, ठिकठिकाणी क्रुसाचे आकार लपलेले आहेत, आणि इंजिनाच्या कक्षात एकमेकांत फिरणाऱ्या प्रचंड कड्यांच्या मधोमध जो काळा गोल आहे तेथे वेदी असावी असे बघणाऱ्याला आपोआप वाटते. यंत्रशाळा आणि देऊळ यांची अशी बेमालूम सांगड विज्ञानपटात फार थोड्यांना साधली आहे.

चित्रीकरण इंग्लंडमधील पाइनवुड स्टुडिओत झाले. छायालेखक होते एड्रियन बिडल, ज्यांनी याच स्टुडिओत जेम्स कॅमेरून यांचा ‘एलियन्स’ चित्रित केला होता. दृश्य-परिणामांची देखरेख रिचर्ड युरिसिच यांच्याकडे होती, आणि कुब्रिक यांच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’पासून ‘ब्लेड रनर’पर्यंतची परंपरा त्यांच्या हाताखालून गेलेली होती. संगीत मायकल केमन या वाद्यवृंदाच्या संगीतकाराचे आणि ऑर्बिटल या इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या जोडीचे. लॉरेन्स फिशबर्न यांचा संयमी मिलर आणि सॅम नील यांचा आतून कुजत जाणारा विअर या दोन भूमिकांनी संवादांतील उणिवाही पुष्कळशा झाकल्या. विअरच्या पोशाखावरील ऑस्ट्रेलियाच्या ध्वजात ब्रिटिश चिन्हाच्या जागी तेथील आदिवासींचा ध्वज आहे; ही सूचना स्वतः नील यांची होती, आणि २०४७ साली जग कसे असेल याचा विचार किती बारकाव्याने चालला होता हे त्यावरून दिसते. अशा माणसांच्या हाती असलेले काम निष्काळजीपणाने बिघडले असे म्हणता येत नाही.

बिघडले ते वेळेच्या हिशेबात. पॅरामाउंट आणि ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स यांनी मिळून भांडवल घातलेला ‘टायटॅनिक’ २ जुलै १९९७ रोजी प्रदर्शित व्हायचा होता; त्याचे काम लांबत गेले आणि अखेर तो १९ डिसेंबरवर ढकलला गेला. उन्हाळ्याची सुट्टी हा अमेरिकन चित्रगृहांचा सुगीचा हंगाम, आणि त्यात पॅरामाउंटला मोठ्या चित्रपटाची गरज होती. अँडरसन यांनी नंतर अनेक मुलाखतींत सांगितल्याप्रमाणे त्यामुळेच त्यांच्या चित्रपटाच्या तारखेला हात लावण्याची सोय उरली नाही. अमेरिकेतील दिग्दर्शकांच्या संघटनेच्या करारानुसार दिग्दर्शकाला आपल्या पसंतीची पहिली जोडणी तयार करण्यासाठी दहा आठवडे मिळतात, म्हणजे चित्रित झालेल्या शेकडो तुकड्यांतून कथा उभी करण्यासाठीचा हा काळ त्याच्या हक्काचा असतो. अँडरसन यांनी तो सहा आठवड्यांवर आणण्याचे मान्य केले होते. प्रत्यक्षात मुख्य चित्रीकरण संपल्यावरही दुय्यम पथकाचे, म्हणजे मुख्य नटांशिवायचे तुकडे घेणाऱ्या छोट्या चमूचे, काम दोन आठवडे चालले आणि संकलनासाठी हाती राहिले ते अवघे चार आठवडे.

एवढ्या वेळात तयार झालेली जोडणी सुमारे १३० मिनिटांची होती. ध्वनी अपुरा, दृश्य-परिणाम कच्चे, लय बसलेली नाही, अशा अवस्थेत ती चाचणी-खेळात दाखवण्यात आली. चाचणी-खेळ म्हणजे प्रदर्शनापूर्वी निवडक सामान्य प्रेक्षकांना चित्रपट दाखवून त्यांची मते लिहून घेण्याची हॉलिवूडची रीत. मूळ यानावरील माणसांचे काय झाले हे दाखवणारी दृश्ये, जी अँडरसन यांनी हिएरोनिमस बॉश आणि पीटर ब्रुगेल या जुन्या फ्लेमिश आणि डच चित्रकारांच्या नरकचित्रांवरून योजली होती, ती पाहून प्रेक्षक हादरले, आणि संस्थेच्या अधिकाऱ्यांनाही धक्का बसला, कारण चित्रीकरण चालू असताना त्यांनी ती सारी दृश्ये बारकाईने पाहिलेली नव्हती. रक्तपात कमी करण्याचे आणि लांबी घटवण्याचे आदेश निघाले. चित्रगृहांत पोहोचला तो चित्रपट ९६ मिनिटांचा होता. त्या घाईत जेवढे कापायला हवे होते त्याहून अधिक कापले गेले आणि दहाएक मिनिटे परत जोडली असती तर चित्रपट सुधारला असता, असे अँडरसन यांनी पुढे स्वतःच कबूल केले आहे.

या कापाकापीचा परिणाम कोठे झाला हे चित्रपट पाहताना नेमके दाखवता येते. पहिल्या तासात प्रत्येक गोष्टीला उसंत आहे: रिकामे यान, तरंगणारी पाण्याची थेंबावळ, गोठलेले प्रेत, दाराआडून येणारे ठोके. यानावरच्या ध्वनिमुद्रणातील लॅटिन शब्द आधी ‘मला वाचवा’ असे वाटतात आणि पुढे ते ‘नरकापासून स्वतःला वाचवा’ असे होते हे कळते. केवळ एका वाक्याचा अर्थ बदलून एवढी थंडगार भीती उभी करणे ही उत्तम भयलेखनाची खूण आहे. नंतर मात्र विअर डोळे काढून यानाचा सेवक होतो आणि सारे प्रसंग एकमेकांच्या अंगावर कोसळू लागतात: स्फोट, पाठलाग, रक्ताची लाट, मुष्टियुद्ध. माणसे मरतात, पण त्यांच्या मरणाला लागणारा क्षणभराचा थांबा कोठेच नाही. विअरचे पालटणे, जे या कथेचे हृदय आहे, ते काही मिनिटांत उरकले जाते, त्यामुळे नील यांच्यासारख्या नटाने सावकाश उभारलेला दुःखी विधुर अचानक साध्या खलनायकात बदलतो. नरकाची दृश्ये तर डोळ्यांसमोरून क्षणार्धाच्या तुकड्यांत सरकतात. हा एक बदल मात्र कदाचित चित्रपटाच्या पथ्यावर पडला, कारण ओझरते दिसलेले नंतर कितीतरी वेळ मनात वाढत राहते.

म्हणून सारा दोष चित्रसंस्थेच्या माथी मारणे न्याय्य नाही. ज्याला चेहरा नाही त्या शत्रूला शेवटी विअरचा चेहरा देणे आणि मिलरशी त्याची झटापट लावणे, हा निर्णय पटकथेतच होता, आणि तो दहा आठवड्यांच्या संकलनानेही बदलला नसता. पण चांगले संकलन पटकथेतील भेगा बुजवते, एखादी नजर दोन क्षण अधिक धरून ठेवते, एखादा संवाद गाळून शांतता आणते. भयपटाला तर ही कारागिरी इतर कोणत्याही प्रकारापेक्षा जास्त लागते, कारण भय हे दृश्यात कमी आणि दोन दृश्यांमधल्या वाट बघण्यात अधिक असते. तो वाट बघण्याचा काळ या चित्रपटाकडून हिरावून घेतला गेला.

समीक्षकांनी नेमके यावरच बोट ठेवले. रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी दोन तारे दिले, आणि इतर बहुतेकांनीही देखणेपण मान्य करून कथा फसल्याचा निवाडा दिला. त्याच आठवड्यात ‘कॉप लँड’ पहिल्या क्रमांकावर आला, आधीपासून चाललेले ‘एअर फोर्स वन’ आणि ‘कॉन्स्पिरसी थिअरी’ पुढे राहिले, आणि भयपटाला लागणारी दिवाळीआधीच्या काळोख्या दिवसांची, अमेरिकेत हॅलोविनच्या सुमारास येणारी, हवा ऑगस्टच्या उकाड्यात कोठून मिळणार होती!

त्या काळात अंतराळातील भयपटांची ही परवड एकट्या पॅरामाउंटपुरती नव्हती. १९९६ च्या ‘हेलरेझर: ब्लडलाइन’मध्येही नरक अंतराळस्थानकावर नेण्याचा प्रयत्न झाला होता, तेथे निर्मात्यांनी इतकी ढवळाढवळ केली की दिग्दर्शक केव्हिन येगर यांनी नाव काढून घेतले आणि श्रेयनामावलीत ‘ॲलन स्मिथी’ हे नाव झळकले, जे आपले काम हिरावले गेल्याचे सांगणाऱ्या दिग्दर्शकांसाठी संघटनेने ठेवलेले सामायिक टोपणनाव होते. जानेवारी २००० मध्ये आलेल्या एमजीएम संस्थेच्या ‘सुपरनोव्हा’ची अवस्था त्याहून वाईट झाली: वॉल्टर हिल यांनी चित्रित केलेल्या चित्रपटावर जॅक शोल्डर यांनी पुन्हा चित्रीकरण केले, फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी पुन्हा संकलन केले, आणि अखेर दिग्दर्शक म्हणून नाव लागले ते अस्तित्वात नसलेल्या ‘थॉमस ली’ यांचे. या दोघांच्या तुलनेत अँडरसन यांनी आपले नाव चित्रपटावर राहू दिले, एवढेच नव्हे तर पुढेही ते त्या चित्रपटाची बाजू मांडत राहिले, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे.

चित्रपटाला खरे प्रेक्षक मिळाले ते घरातल्या पडद्यावर. व्हिडिओ फिती आणि नंतर डीव्हीडी यांवर तो सतत खपत राहिला, एकेक रसिक तो दुसऱ्याला दाखवत राहिला, आणि २००८ साली आलेल्या ‘डेड स्पेस’ या भयखेळातील निर्मनुष्य यानावर त्याची छाया स्पष्ट दिसते. या मागणीमुळेच पॅरामाउंटने अँडरसन यांच्याशी वगळलेल्या भागांविषयी बोलणी सुरू केली, आणि तेव्हा दुसरे नुकसान उघडकीस आले. १९९७ मध्ये डीव्हीडीचा धंदा नुकताच डोळे उघडत होता; वगळलेल्या दृश्यांना पुढे कधी किंमत येईल अशी कल्पना नसल्याने ती निगेटिव्ह, म्हणजे ज्यावरून चित्रपटाच्या सर्व प्रती काढल्या जातात ती मूळ फिल्म, नीट नोंद करून जपण्याची पद्धतच संस्थांमध्ये रुळलेली नव्हती. अँडरसन यांच्या सांगण्यानुसार काही भाग रोमानियातील ट्रान्सिल्व्हानियाच्या एका मिठाच्या खाणीत सापडला. खाणीतील कोरडी, स्थिर हवा फिल्मला मानवते म्हणून अशा जागा साठवणीसाठी वापरल्या जातात, पण हा साठा तोवर वापरण्याच्या पलीकडे खराब झालेला होता.

२००६ साली दोन तबकड्यांची विशेष आवृत्ती निघाली. तिच्यात एक वगळलेला प्रसंग आणि दोन लांबवलेले प्रसंग पुरवणीत देण्यात आले, तेही सामान्य दर्जाच्या प्रतीवरून. प्रदर्शनाला पंचवीस वर्षे झाली त्या २०२२ साली पॅरामाउंटने चित्रपट ‘फोर के’ या अतिस्पष्ट स्वरूपात पुन्हा काढला, ज्यात नोत्र दामच्या कमानींवरून घडवलेल्या मार्गिकेचा प्रत्येक खिळा दिसतो आणि नेपच्यूनचे निळे ढग पूर्वी कधी नव्हते इतके खोल वाटतात. चित्रपटाची लांबी ९६ मिनिटेच आहे.